ग्रीन टी कडू का होतो: पाणी निववण्यापासून चोथ्यापर्यंत

आपण चहा 'टाकतो', 'ठेवतो', नाहीतर 'उकळतो'. पातेल्यात पाणी, साखर, पूड, किसलेलं आलं, वर दूध आणि कडेनं फेस चढेपर्यंत उकळी. अमृततुल्यच्या पितळी भांड्यासमोर उभं राहून मोठ्या झालेल्या पुणेकराला हे शिकवावं लागत नाही. घोटाळा होतो तो हाच हात ग्रीन टीच्या डब्याकडे गेल्यावर. तेच पातेलं, तीच उकळी, आणि कपात येतो पिवळट, कडू, जीभ ओढून धरणारा काढा. मग त्यात मध, लिंबू, दालचिनी घालून 'तब्येतीसाठी घ्यायचा असतो' म्हणत नाक दाबून प्यायचा.

एरंडवण्यातल्या माझ्या मावशीनं हे तीन महिने केलं. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितली, म्हणून तिनं ग्रीन टी आणला. रोज सकाळी दोन डिप (टी-बॅग) पातेल्यात, सात मिनिटं उकळी. तिच्या चेहऱ्यावरून तो चहा कसा लागत असेल ते कळत होतं.

ग्रीन टी उकळायचा नसतो. पाणी उकळायचं, मग निववायचं आणि त्यात पानं थोडा वेळ मुरवायची. कडूपणा आणि तुरटपणा देणारी कॅटेचिन्स आणि कॅफीन गरम पाण्यात भराभर उतरतात. गोडसर, भरीव चव देणारं थिएनिन मात्र कमी तापमानालाही चांगलं उतरतं. म्हणजे पाणी जितकं कडक, तितका कडूपणा पुढे आणि गोडवा मागे. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात. क्रम मोडू नका, कारण बहुतेक चुका क्रमातच होतात.

## १. डब्यात नक्की काय आहे ते आधी बघा

हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगायलाच हवं: गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे. कुंडीतून पाती तोडून 'मी रोज ग्रीन टीच घेतो' म्हणणारे दोन सद्गृहस्थ माझ्या सोसायटीत आहेत. गवती चहा उकळलेलाच चांगला लागतो, तो तसाच करा. तुळशीचा, शेवग्याच्या पानांचा, आल्याचा 'हर्बल टी' हेही ग्रीन टी नव्हेत. त्यांना या लेखातलं काहीही लागू नाही.

आपली नेहमीची चहापूड ज्या झुडपापासून होते, त्याच झुडपाच्या पानांपासून ग्रीन टी होतो. काळ्या चहासाठी ती पानं हवेत काळवंडू देतात. ग्रीन टीसाठी मात्र खुडल्यावर लवकर उष्णता देऊन ते काळवंडणं थांबवतात. ही उष्णता कशी दिली, यावर तुमचं पाणी ठरतं:

- सेंचा (जपानी, वाफवलेला): ७० ते ८० अंश, १ ते दीड मिनिट. वाफवल्यामुळे पान मऊ, बरंचसं चुरलेलं असतं, झटकन उतरतं आणि चूक झटकन दाखवतं.
- लाँगजिंग आणि तत्सम चिनी (कढईत परतलेले): ७५ ते ८५ अंश, २ ते ३ मिनिटं. हे थोडं सांभाळून घेतात.
- दार्जिलिंग, कांगडा, निलगिरीचे ग्रीन टी: ८० अंशांपासून सुरुवात, २ ते ३ मिनिटं.
- गेनमाइचा (भाजलेले तांदूळ घातलेला): ८० ते ८५ अंश, १ मिनिट.
- होजिचा (भाजलेला): थेट उकळतं पाणी चालतं, अर्धं ते एक मिनिट.
- साधी डिप: ८० अंश, २ मिनिटं.

माचा या यादीत मुद्दाम नाही. ती पानांची वस्त्रगाळ पूड असते, पाण्यात घुसळून सगळीच प्यायची असते. ती गाळणीत घालून गाळू नका. हसू नका, हे झालेलं आहे.

पहिल्यांदा घेत असाल तर ५० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. पाकिटावर पॅकिंगची तारीख बघा. ग्रीन टी मुरांब्यासारखा जुना होऊन सुधारत नाही, सहा महिन्यांत संपवलेला बरा.

तपासणी: चिमूटभर पानं तळहातावर घ्या, त्यावर तोंडाची वाफ सोडा आणि वास घ्या. ताज्या कापलेल्या गवताचा, उकडलेल्या कणसाचा, भाजलेल्या फुटाण्याचा, असा काहीतरी जिवंत वास यायला हवा. वाळल्या कडब्याचा किंवा जुन्या पुठ्ठ्याचा वास आला आणि पानं तपकिरी दिसली, तर पुढच्या पायऱ्या कितीही नीट केल्या तरी उपयोग नाही.

## २. पाणी

पुण्यात हा मुद्दा सोडून चालत नाही, कारण एका शहरात तीन प्रकारचं पाणी आहे.

पेठांत, डेक्कनला, कोथरूडला नळाला येणारं खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी मऊ असतं. ग्रीन टीला ते उत्तम. फक्त कधीकधी क्लोरिनचा वास येतो. पाणी रात्री तांब्यात उघडं भरून ठेवलं किंवा आधण आल्यावर अर्धा मिनिट उकळू दिलं की तो बराचसा जातो.

दुसरं पाणी बोअरचं किंवा टँकरचं. उपनगरांतल्या नव्या सोसायट्यांना हे चांगलंच माहीत आहे. किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तेच क्षार चहाची चव मारतात. अशा पाण्यात चहाचा रंग मळकट होतो, सुगंध दबतो आणि वर एक पातळ, तुटकी साय तरंगते. ती साय म्हणजे तुमच्या पातेल्याचा दोष नव्हे.

तिसरं आरओचं. घरोघरी बसवलेल्या या यंत्रांतून कधीकधी इतकं रिकामं पाणी येतं की चहा मिळमिळीत लागतो. यंत्राला टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, कमीजास्त करायची खिट्टी असते. साधारण ५० ते १५० च्या दरम्यान असेल तर चहाला बरं. खिट्टी स्वतः फिरवू नका, दुरुस्तीवाला येईल तेव्हा त्याच्याकडून लावून घ्या. तोवर सोपा उपाय म्हणजे अर्धं आरओचं आणि अर्धं नळाचं उकळलेलं पाणी.

चेतावणी: किटलीत सकाळचं उरलेलं पाणी पुन्हापुन्हा तापवत बसू नका. क्षार साठत जातात आणि पाण्याला शिळा वास लागतो. लागेल तेवढंच ताजं पाणी घ्या.

## ३. भांडी आणि माप

जपानी किटली, बांबूचा चमचा वगैरे काही लागत नाही. ओट्यावर एवढं हवं:

- पाणी तापवायला पातेलं किंवा विजेची किटली
- स्टीलची दोन फुलपात्रं
- मुरवायला झाकणाचं चिनीमातीचं किंवा काचेचं भांडं (झाकण नसेल तर बशी)
- बारीक जाळीची गाळणी
- घड्याळ. मोबाइलचा टायमर लावा, अंदाज नको. ग्रीन टीत अर्ध्या मिनिटाने फरक पडतो आणि नेमका तेवढ्यात कुरिअरवाला बेल वाजवतो.

रोजच्या चहाची गाळणी ग्रीन टीला वापरू नका. तिच्या जाळीत आलं, वेलची आणि दुधाची साय मुरलेली असते. वेगळी गाळणी ठेवा. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत बारीक जाळीची स्वस्तात मिळते. अंड्याच्या आकाराच्या, साखळीला लटकणाऱ्या जाळ्या दिसतात गोंडस, पण त्यांत पान फुलायला जागा नसते. त्या टाळा.

माप: एका कपाला (१५० मिली) २ ग्रॅम पानं. आपण काळ्या चहाला 'एक चमचा' म्हणतो तसं इथे चालत नाही, कारण पानांचे आकार वेगवेगळे असतात. सेंचाचा एक सपाट चहाचा चमचा साधारण २ ग्रॅम भरतो. चपट्या लाँगजिंगला दोन चमचे लागतात. गोळ्या वळलेल्या 'गनपावडर' नावाच्या चिनी चहाचा अर्ध्याहून थोडा जास्त चमचाही पुरतो. घरात वजनकाटा असेल तर नवा डबा आणल्यावर एकदाच वजन करा आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवा: 'दीड चमचा'. रोज काटा काढायची गरज नाही.

आणि कप मोजून घ्या. आपला घरातला 'मोठा मग' बऱ्याचदा ३०० मिलीचा असतो. त्यात एक डिप टाकून 'चव येत नाही' म्हणून ती दहा मिनिटं ठेवायची, हा कडू चहाचा राजमार्ग.

## ४. पाणी निववा

बाकी काही वाचलं नाहीत तरी ही पायरी वाचा.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेवढ्या दोन अंशांनी आपलं काम भागत नाही. आपल्याला ७० ते ८० वर यायचंय. पाणी ८० पर्यंतच तापवून गॅस बंद केला तरी चालतं, पण पिण्याचं पाणी एकदा उकळावं अशा मताचा मी आहे आणि उकळून निववलं की अंदाजही पक्का लागतो. निववायच्या तीन पद्धती आहेत. एक निवडा आणि तिच्यावरच हात बसवा.

(अ) फुलपात्रांची पद्धत. आधण आलेलं पाणी एका थंड फुलपात्रात ओता. तिथून दुसऱ्यात. दर ओतण्याला तापमान साधारण ८ ते १० अंशांनी उतरतं, कारण थंड भांडं उष्णता ओढून घेतं. दोनदा ओतलं की ८० च्या आसपास, मग मिनिटभर थांबलात की आणखी खाली. फुलपात्र गरम होतं, काठाला फडकं धरा. आजोबा चहा बशीत ओतून निववायचे त्यामागे हेच शास्त्र होतं, फक्त ते चहा निववायचे, आपण पाणी निववतो.

(ब) मिसळायची पद्धत. तीन वाट्या उकळतं पाणी आणि एक वाटी साधं पिण्याचं पाणी, म्हणजे जवळपास ८० अंश. पाच वाट्या उकळतं आणि तीन वाट्या साधं, म्हणजे ७० च्या आसपास. हे गणित साधं पाणी २५ अंशांचं धरून केलंय. डिसेंबरात साधं पाणी गारठलेलं असतं तेव्हा दोनेक अंश कमी भरतील, मे महिन्यात एखादा जास्त. फ्रिजमधलं किंवा माठातलं पाणी घेऊ नका, हिशेब चुकतो. घाईच्या सकाळी ही पद्धत सगळ्यात विश्वासाची.

(क) थांबायची पद्धत. उकळतं पाणी कपात ओतून नुसतं थांबायचं. सगळ्यात जास्त लोक हीच वापरतात आणि हीच सगळ्यात जास्त फसवते. जाड मगमध्ये झाकण घालून ठेवलेलं पाणी पाच मिनिटांनीही ८० च्या वर असू शकतं. पातळ कपात, पंख्याखाली तेच दोन-तीन मिनिटांत उतरतं. ही पद्धत वापरायचीच असेल तर आधी थर्मामीटरने एकदा आपल्या कपाचा वेळ काढा. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर चालतो. तापाचा चालत नाही, तो ४२ च्या पुढे मोजत नाही आणि पाऱ्याचा असेल तर फुटून नसता उपद्व्याप होतो.

मावशीकडे मी हा थर्मामीटर घेऊनच गेलो होतो. तिनं तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "चहाला ताप आलाय का?" तिच्याच डब्यातली तीच डिप, तेच पाणी घेऊन मी दोन कप केले. एक तिच्या पद्धतीनं, एक दोनदा फुलपात्र बदलून. दुसऱ्या कपाचा रंग फिकट पोपटी, पहिल्याचा लिंबाच्या जुन्या लोणच्याच्या खारासारखा. तिनं दुसरा कप पुढे ओढला, अर्धा प्यायली आणि काहीच बोलली नाही. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पाणचट आहे रे." मी गप्प बसलो. चार दिवसांनी फोन आला: "ते पाणी एकदाच ओतलं तर किती गरम राहतं?" तिला ८० पेक्षा ८८-९० चा थोडा कडक कप आवडला होता. आता ती तसाच करते. हे मला मान्य आहे. आधी नीट कप चाखून मग आपली आवड ठरवलेली बरी, चूक होऊन बसलेली आवड नको.

तपासणी: थर्मामीटर नसेल तर वाफ बघा. उकळत्या पाण्याची वाफ जोरात, सरळ उसळते. ८० च्या आसपास ती सावकाश, वळणं घेत वर जाते. ७० ला नुसती रेंगाळते. तापत असलेल्या पातेल्यात तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले, पण वर सुटत नाहीत, तेव्हाही साधारण ७० ते ८० च्या घरात असतं.

## ५. मुरवणे आणि गाळणे

क्रम असा ठेवा:

१. मुरवायच्या भांड्यात थोडं गरम पाणी फिरवून ओतून द्या. थंड चिनीमाती तुमचे जपलेले अंश खाऊन टाकते.

२. पानं भांड्यात घाला.

३. निववलेलं पाणी पानांवर हळू ओता. नळाखाली बादली भरल्यासारखं उंचावरून नको.

४. झाकण ठेवा. टायमर लावा.

५. चमच्यानं ढवळू नका. भांडं हलवू नका. सवयीनं हात जाईल, त्याला आवरा.

६. वेळ झाली की शेवटच्या थेंबापर्यंत गाळा.

ही शेवटची पायरी फार जण अर्धवट करतात. एक कप ओतून घेतात आणि उरलेला चहा पानांवरच राहू देतात, 'नंतर घेऊ' म्हणून. पानं पाण्यात असतील तोवर मुरत राहतात, आणि नंतरचा कप कडूच होणार. नंतर प्यायचा असेल तर गाळून दुसऱ्या भांड्यात काढा.

दोन-तीन जणांसाठी करत असाल तर पहिला कप काठोकाठ भरून दुसऱ्याकडे वळू नका. भांड्यातला वरचा चहा फिका आणि तळाचा दाट असतो. तिन्ही कपांत थोडाथोडा ओता: पहिला, दुसरा, तिसरा, मग उलट तिसरा, दुसरा, पहिला. नाहीतर पाहुण्यांपैकी एकाला गरम पाणी आणि एकाला काढा मिळतो, आणि काढावाला सभ्यपणे 'छान झालाय' म्हणतो.

डिप वापरणाऱ्यांसाठी: निववलेलं पाणी आधी, डिप नंतर. दोन मिनिटं नुसती पडू द्या. दोऱ्याला धरून खालीवर नाचवायची गरज नाही. काढताना चमच्यावर घेऊन दोऱ्यानं आवळून पिळू नका. त्या पिळण्यात जे उतरतं ते तुम्हाला नको असलेलंच असतं.

## ६. दुसरं पाणी

चांगल्या पानांना एकदाच वापरून टाकणं म्हणजे आंब्याची कोय न चोखता फेकणं. सेंचाला दुसऱ्यांदा पाणी घालताना ते थोडं जास्त गरम घ्या, ८० च्या पुढे, आणि फक्त २० ते ३० सेकंद ठेवा. पानं आधीच भिजून उघडलेली असतात, त्यामुळे वेळ कमी. तिसऱ्या पाण्याला एक मिनिट. चिनी मोठ्या पानांना दर वेळी थोडाथोडा वेळ वाढवत जा.

ओली पानं तासाभरात वापरा. सकाळची पानं संध्याकाळी नको, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात तर मुळीच नको. डिपचं दुसरं पाणी काढू नका, त्यातल्या चुऱ्यात पहिल्यानंतर काही उरलेलं नसतं.

## ७. आपली चव कशी शोधावी

आठवडाभर एकच डबा, एकच कप आणि एका वेळी एकच बदल. हे जमत नाही म्हणून लोक महिनोन्महिने चाचपडतात: आज पाणी कमी गरम, शिवाय पानं जास्त, शिवाय वेळ वेगळा, मग नेमकं काय सुधारलं ते कळत नाही. फ्रिजवर कागद लावा आणि तीनच आकडे लिहा: पानं, अंश, सेकंद.

कडू लागला तर आधी तापमान ५ अंशांनी उतरवा. तरीही कडू, तर वेळ २० सेकंदांनी कमी करा. पानं कमी करणं हा शेवटचा उपाय. कडू नाही, पण कच्च्या सुपारीसारखी जीभ आखडते? तोही बहुधा उष्णतेचाच दोष, क्वचित पाण्याचा. पाणचट लागला तर उलट करा: आधी पानं वाढवा, वेळ नाही. वेळ वाढवून चव दाट होते हा काळ्या चहातला धडा, इथे तो फसवतो. आणि कडूही आणि पाणचटही, असं एकदम लागलं तर पानं जुनी आहेत, डबा बदला.

माझे स्वतःचे आकडे सांगतो, अनुकरणासाठी नाही, अंदाजासाठी. सेंचा ३ ग्रॅम, ७२ अंश, ७० सेकंद. घरच्यांना तो 'पालकाचं पाणी' वाटतो. त्यांना कांगड्याचा आवडतो, ८५ ला. म्हणून आमच्या घरी दोन डबे आहेत आणि शांतता आहे. सकाळचा पहिला चहा मात्र दूध-साखर-आल्याचाच, त्यावर ग्रीन टीचं आक्रमण मी होऊ दिलेलं नाही. ग्रीन टी अकराला. दुपारी चारला होजिचा.

## ८. लिंबू, मध, आलं, दूध

लिंबू चालतं, पण गाळल्यावर आणि थेंबांत. मुरताना पिळलं तर फक्त लिंबूच लागतं. मध गाळल्यावर, कप पिण्याजोगा निवल्यावर. पुदिन्याची दोन पानं कपात छान लागतात. आलं घालायचंच असेल तर पाणी उकळताना पातेल्यात ठेचून घाला, ते पाणी गाळून निववा आणि मग ग्रीन टी मुरवा. आलं आणि पानं एकत्र उकळली की मावशीचा काढा.

दूध नको. दुधातली प्रथिनं कॅटेचिन्सना धरून बसतात आणि चव शेवाळलेल्या पाण्यासारखी होते. साखर घालणाऱ्याला मी अडवत नाही, अर्धा चमचा घाला. पण घालण्याआधी बिनसाखरेचा एक घोट घ्या. तो कडू असेल तर साखर चूक झाकतेय.

उकळूनही चांगला लागणारा ग्रीन टी असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. काश्मिरी कहवा केशर, वेलची, दालचिनीबरोबर उकळतात. मोरोक्कोत गनपावडर चहा भरपूर पुदिना आणि साखर घालून कडक करतात. तिथे कडूपणा हिशेबात धरलेला असतो आणि साखर त्याला पुरून उरते. बिनसाखरेचा प्यायचा असेल तर ती वाट आपली नाही.

## ९. कधी प्यावा, कुणी जपून

जेवणाबरोबर नको. चहातली द्रव्यं पालेभाज्या, डाळी, नाचणी यांतलं लोह शोषू देत नाहीत. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर अंतर ठेवा. हिमोग्लोबिन कमी असलेल्यांनी तर हे पाळायलाच हवं. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच नको.

उपाशीपोटी घेतला की काहींना मळमळतं. तुम्ही त्यांतले असाल तर आधी दोन बिस्किटं खा किंवा नाश्त्यानंतर तासाभराने घ्या. एका कपात साधारण २० ते ४५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, त्यामुळे झोप हलकी असलेल्यांनी संध्याकाळी पाचनंतर नको. होजिचात ते सहसा कमी असतं. गरोदर बायकांनी दिवसभराचं सगळं कॅफीन, म्हणजे चहा, कॉफी, कोला मिळून, २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावं असं बहुतेक डॉक्टर सांगतात. रक्त पातळ करणारी किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर रोजचे तीन-चार कप सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

चेतावणी: ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल म्हणजे ग्रीन टी नव्हे. जिमच्या मित्रानं दिल्या म्हणून घेऊ नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) गेलं तर यकृतावर परिणाम दिसू शकतो. आणि वजनाचं म्हणाल तर कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ग्रीन टीनं होणारी घट नगण्य निघाली. वजनासाठी पर्वतीच्या पायऱ्या आहेत, चहा चवीसाठी प्या.

## १०. साठवण

चार शत्रू: हवा, उजेड, उष्णता, ओल. पुण्यात जून ते सप्टेंबर चौथा शत्रू घरातच मुक्कामाला असतो. आणि पाचवा शत्रू आपण स्वतः पाळतो, तो म्हणजे वास.

मी एकदा सवलतीत अर्धा किलो चांगला सेंचा घेतला आणि गॅसच्या वरच्या फडताळात, गोडा मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवला. डबा बंद होता, पण झाकण पत्र्याचं आणि सैल. दोन महिन्यांनी पहिला घोट घेतला तर दगडफूल. दुसरा घोट, दगडफूल. शेवटपर्यंत तो चहा मटकीच्या उसळीची आठवण देत राहिला. फेकवेना म्हणून थंड करून लिंबू पिळून संपवला, पण अजूनही गोडा मसाला भाजायला घेतला की मला जपान आठवतं.

म्हणून:

- अपारदर्शक, घट्ट झाकणाचा, छोटा डबा. काचेची बरणी देखणी असते, पण अंधारात ठेवणार असाल तरच.
- जागा गॅसपासून लांब. मसाले, हिंग, उदबत्त्या यांच्यापासूनही लांब.
- आठवड्याला लागेल तेवढाच चहा रोजच्या डब्यात, बाकीचं पाकीट मूळ अवस्थेत सीलबंद.
- डब्यात ओला चमचा नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेवर डबा उघडून माप घेऊ नका, आधी माप घ्या, मग गॅस लावा.

फ्रिजमध्ये ठेवायचं तर फक्त न उघडलेलं पाकीट, आणखी एका हवाबंद पिशवीत. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान चार-पाच तास, उघडू नका. थंड पाकीट दमट हवेत उघडलं की पानांवर लगेच दव धरतं आणि आठवड्यात चव जाते.

## ११. एप्रिल-मेसाठी थंड

पारा ४० कडे सरकला की गरम पाण्याचा खटाटोप सोडा. अर्धा लिटर थंड पिण्याच्या पाण्यात ५ ग्रॅम पानं घाला, झाकण लावा, फ्रिजमध्ये ६ ते ८ तास ठेवा आणि गाळा. रात्री जेवण झाल्यावर ठेवलं की सकाळी तयार. थंड पाण्यात कडूपणा जवळपास उतरत नाही, त्यामुळे चुकणंच अवघड. ज्यांना ग्रीन टी कधीच आवडला नाही त्यांना मी हाच पहिल्यांदा देतो. पाणी उकळून थंड केलेलं किंवा गाळलेलं घ्या, कारण इथे ते पुन्हा तापणार नाही. गाळल्यावर २४ तासांत संपवा. बाटली फ्रिजबाहेर ओट्यावर ठेवून मुरवू नका, उन्हाळ्यात आंबते.

राहिला चोथा. तो एक दिवस ताटलीत पसरून वाळवा आणि कुंडीतल्या मातीत मिसळा. ओला तसाच वर टाकला की बुरशी धरते. डिपचा चोथा पिशवी फाडून काढा, कारण काही पिशव्यांत प्लास्टिकचा धागा असतो आणि ती मातीत कुजत नाही. मध किंवा साखर लागलेला चोथा कुंडीत नको, दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग थेट बाल्कनीतून ओट्यापर्यंत येते.